मिस्त्रीच्या घरचं अर्थिंग

"काका, मशीन एकदम चोख ए. दोन दिवस दुकानात चालू ठेवली, स्क्रीन एकदा सुद्धा हलली नाय. जरा घरचं अर्थिंग बघून घ्या."

एवढंच बोलला होता बिचारा शिवराज. गुलमंडीच्या मागच्या बोळात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण समोर कोण उभं आहे हे त्याला काय माहीत? समोर उभे होते राजकुमार मिस्त्री. नालंदा गल्लीतल्या एकतीस घरांची वायरिंग ज्यांच्या हातची, ते. त्यांना घरचं अर्थिंग बघा म्हणणं म्हणजे पट्टीच्या आचाऱ्याला भर पंगतीत 'वरणात मीठ टाकलं का?' असं विचारणं.

मिस्त्रींचा चेहरा असा काही झाला की शिवराजनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"जन्म कधीचा रे तुझा?" मिस्त्रींनी विचारलं.

"दोन हजार एक, काका."

"त्याच्या आधीच्या वायरिंगा हायेत माझ्या. अजून कुणाच्या घरी साधी ठिणगी उडली नाय. अर्थिंग बघा म्हणतो!"

मोनालीनं बापाची बाही ओढली, शिवराजची डोळ्यांनीच माफी मागितली आणि कॉम्प्युटरचा तो जडशीळ डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन स्कूटरवर बसली. मिल कॉर्नरच्या सिग्नलला मिस्त्री मागं न बघताच म्हणाले, "येडं हाय ते पोरगं." मोनालीला बापाचा राग नवा नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं वाईटच वाटत होतं.

कारण कुणाकडं शेती असते, कुणाकडं माडी असते. मिस्त्रींकडं एकच चीज होती, नाव. भावसिंगपुऱ्याच्या अंगाला पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी प्लॉट पडले, नालंदा गल्ली उभी राहिली, तेव्हा पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत भिंतीत पाइप ठोकले ते राजकुमारनं. लग्नाचा मांडव असो की विहारातला पंखा, 'मिस्त्रीनं केलंय' म्हटलं की विषय संपला. आता गुडघे दुखायला लागले होते, शिडीवर चढणं कमी झालं होतं, पण रस्त्यानं जाताना लहानथोर 'जय भीम मिस्त्री' म्हणत ते त्या कामाच्या जोरावर. ते काम खोटं निघालं तर राहिलं काय हातात?

आता त्या मशीनची गोष्ट. मोनाली चिकलठाण्याच्या एका कंपनीत स्टोअरला होती. दीड वर्ष तिनं एकेक पार्ट जमवला आणि मार्च महिन्यात एका रविवारी पुढच्या खोलीत पेपर अंथरून स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटर जोडला. गेम खेळायचा कॉम्प्युटर. मिस्त्री शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांचे हात नुसते शिवशिवत होते. एक स्क्रू तरी मला पिळू दे, असं तोंडापर्यंत आलं होतं, पण पोरगी अशी झपझप हात चालवत होती की त्यांची छाती भरून आली आणि ते गप्प बसले. मशीन चालू झाली, आत निळे-जांभळे दिवे लागले, तेव्हा त्यांनी करुणाला, म्हणजे बायकोला, आतून हाक मारून बोलावलं. "बघ गं, आपल्या मोनीनं केलंय!" आपल्या बाजूनं भेट म्हणून त्यांनी त्या मशीनला खास वेगळा बोर्ड काढून दिला, जाड वायर टाकून.

मोनालीची पाच जणांची टीम होती. एक नाशिकचा, दोघं नागपूरचे, एक लातूरची पोरगी, आणि ही त्यांची कॅप्टन. एकमेकांना कधी न बघितलेली पाच माणसं कानाला हेडफोन लावून बंदुका चालवायची. करुणाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण अंगणवाडीतून दमून आली की ती दोन मिनिटं मागं उभी राहून बघायची. "मारलंस का गं त्याला?" असं मनापासून विचारायची.

मार्च सुरळीत गेला. एप्रिलात स्क्रीनला काहीतरी व्हायला लागलं. आधी रंगीत ठिपके पडायचे, मग आडव्या पट्ट्या, मग दोन सेकंद काळोख. आणि परत सगळं जागच्या जागी, जसं काही झालंच नाही. गेममध्ये दोन सेकंद म्हणजे लई झाले. एका स्पर्धेत नेमका कॅप्टनचाच पडदा काळा झाला आणि टीम हरली. बाकीचे चौघं तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिनं आईला सांगितलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

मोनालीनं काय नाही केलं? केबल बदलली. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा पंखेवाला पार्ट, तो काढून त्याचे पिवळे दात खोडरबरनं पुसले. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. मैत्रिणीचा मॉनिटर आणून लावला. त्यावरही तेच. शेवटी शिवराजकडं नेलं, आणि तिथं दोन दिवस स्क्रीन डोळासुद्धा मिचकावेना. आता पुढच्या रविवारी चारला दुसरी स्पर्धा होती आणि घरी आणून लावल्यावर तासाभरात पडद्यावर परत ठिपके.

मिस्त्रींनी चौकशी आपल्या हातात घेतली. पहिल्या दिवशी निकाल दिला, "व्होल्टेज." त्या दिवशी नळाचा वार होता. आठवड्यानं पाणी आलेलं, गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू, बल्ब पिवळे पडलेले. माळ्यावरून जुना स्टॅबिलायझर उतरवला, धूळ झटकली, लावला. दुसऱ्या दिवशी नळ नव्हता, मोटारी नव्हत्या, व्होल्टेज टकाटक होतं, आणि स्क्रीन गेली. मग म्हणाले, कार्डच खराब. मग म्हणाले, हल्लीचा मालच असला. मग उंदीर. खुर्चीवर चढून त्यांनी माळ्यावर उंदराच्या लेंड्या सुद्धा शोधल्या. सगळं बघितलं, एक गोष्ट सोडून.

मोनाली बापाचीच लेक. फॉल्ट शोधायचा तर आधी चिडणं बंद कर आणि मग लिहून काढ, हे तिला सात वर्षांची असताना मिस्त्रींनीच शिकवलं होतं. तिनं तीन दिवस कॅलेंडरच्या पानामागं लिहून ठेवलं. किती वाजता स्क्रीन गेली, आणि तेव्हा घरात कोण काय करत होतं. शुक्रवारी संध्याकाळी ते पान तिनं बापापुढं ठेवलं.

"पप्पा, वाचा."

मिस्त्रींनी चष्मा लावला. सहा वाजून दहा मिनिटं, मम्मीनं कूलर लावला. सात पाच, पप्पांनी कूलर लावला. दुपारी दोन वीस, कूलर. नऊ वेळा स्क्रीन गेली होती आणि नऊ वेळा पुढं कूलरच लिहिलं होतं.

"मार्चात कूलर माळ्यावर होता," मोनाली म्हणाली. "तवा एकदा तरी गेली का स्क्रीन?"

"मग झालं की! कूलर खराब हाय," मिस्त्री आनंदानं म्हणाले. "मी कवाचा म्हणतोय, वायरिंगमदी काय नाय."

"कूलर खराब असंल, पप्पा. पण कूलरमधला करंट माझ्या मशीनपर्यंत आला कसा? तो तर खाली जमिनीत जायला पायजे ना?"

ज्याला अर्थिंग ठाऊक नाही त्यानं इतकंच समजावं. प्लगला तिसरी जाड पिन असते. घरातल्या एखाद्या वस्तूच्या अंगावर करंट उतरला तर तो त्या पिनेतून, हिरव्या तारेतून, गुमान जमिनीत जातो. ती वाट बंद झाली की करंट तिथंच थांबतो आणि जे काही जोडलेलं असेल त्यात शिरतो. मशीनमध्ये शिरला तर स्क्रीन नाचते. माणसात शिरला तर माणूस जातो.

"आण तो बल्ब," मिस्त्री उसळून म्हणाले. "होऊन जाऊ दे एकदाच. तुझ्या त्या शिवराजला पण फोन लाव, ऐकू दे."

शिवराजला फोन लावला नाही हे नशीबच. मिस्त्रींनी पिशवीतून आपला टेस्टिंगचा बल्ब काढला, होल्डरला दोन वायरी लावलेला. तीस वर्षांत हा बल्ब त्यांच्याशी कधी खोटं बोलला नव्हता. एक टोक फेजला, एक न्यूट्रलला. बल्ब लख्ख लागला. "बघ," ते म्हणाले. मग न्यूट्रलचं टोक काढून अर्थिंगच्या भोकात घातलं.

काहीच नाही.

त्यांनी टोक खरवडलं, परत घातलं. बल्ब फिरवून घट्ट केला. दुसऱ्या बोर्डवर गेले, तिथंही तेच. बल्बमधली तार नुसती लालसुद्धा होईना. करुणा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मिस्त्री उठले आणि हिरव्या तारेचा माग काढत मेन बोर्डापासून मागच्या मोरीपर्यंत गेले.

तिथं भिंतीला त्यांच्याच हातची पितळी पट्टी होती. लोखंडी नळाच्या पाइपला आवळून बांधलेली. ही त्यांची खास युक्ती. त्या काळात प्लॉट इवलेसे, खड्डा खणायला जागा नाही, अन् नळाचा लोखंडी पाइप तर सगळ्या गल्लीखालून गेलेला. त्याच्याइतकं चांगलं अर्थिंग दुसरं कुठलं? एकतीस घरांना त्यांनी तेच केलं होतं आणि पंचवीस वर्षं ते बंदा रुपया चाललं होतं.

पट्टी अजून घट्ट होती. पाइपही होता. फक्त तो हातभर खाली येऊन संपत होता. खाली काहीच नव्हतं, नुसता कापलेला तुकडा भिंतीला लटकत होता. शेजारून नवा निळा प्लॅस्टिकचा पाइप दिमाखात जमिनीत उतरला होता.

जानेवारीत नळाची नवी लाइन पडली होती. दारोदार जुने पाइप कापून निळे जोडले गेले तेव्हा मिस्त्री स्वतः खुर्ची टाकून बसले होते. कामावरच्या पोरांना चहा पाजला होता. "झ्याक काम करतेत, आता गंजायची भीती नाय," असं चार लोकांना सांगितलंही होतं. त्या पोरांना काय ठाऊक, पाइपला कुणी काय बांधलंय? ते ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि तो चहा पाजत बसला होता.

"आरारारा," मिस्त्री म्हणाले आणि कपडे धुवायच्या दगडावर मटकन बसले.

करुणा मागं येऊन उभी होती. "म्हणून फ्रिज झिणझिणतोय व्हय?"

मिस्त्रींनी मान वर केली. "कवापासून?"

"जानेवारी-फेब्रुवारीपासून."

"मग मला सांगितलं का नाय?"

"सांगितलं की ओ. तुम्ही म्हणलात, वल्ल्या हातानं, अनवाणी कशाला हात लावती? चप्पल घाल." नवऱ्याचा चेहरा बघून करुणाला पुढचं बोलवेना, पण तिला पोटात ठेवायची सवय नव्हती. "गल्लीतल्या बायांनी पण मला इचारलं. त्यांनाबी मीच सांगितलं, मिस्त्री म्हणतेत चप्पल घालून हात लावा. आता समद्याजणी घालत्यात."

समद्याजणी. एकतीस घरं, आणि एकतीस घरांतल्या बाया फ्रिज उघडताना, कूलरमध्ये पाणी ओतताना पायात चप्पल घालत होत्या, कारण मिस्त्री म्हणाले होते. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं कूलरला चिकटून माणूस जातो. मिस्त्री ती बातमी पेपरात वाचायचे, आणि 'कुण्या अडाण्यानं वायरिंग केली असंल' म्हणून पान उलटायचे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. भर दुपारी गल्ली झोपलेली असताना मिस्त्रींनी फाटक आतून लावलं आणि शेवग्याच्या झाडाजवळ खड्डा खणायला घेतला. गुडघे कुरकुर करत होते. मोनालीनं सुट्टी टाकली होती, ती माती उपसत होती. कमरेच्या वर खड्डा गेल्यावर आत तांब्याची प्लेट उभी केली, तिला जाड तार जोडली, मग कोळशाचा थर, खड्या मिठाचा थर, परत कोळसा. ओल असली की करंट जमिनीत झटकन जातो, म्हणून करुणानं धुण्याचं राखून ठेवलेलं पाणी बादलीनं आणून ओतलं. आठवडाभराच्या पाण्यातलं ते पाणी होतं, पण तिनं हात आखडला नाही.

मीठ आणायला सकाळी मिस्त्री स्वतः कचरूच्या किराणा दुकानात गेले होते. कचरू त्यांच्या पलीकडच्या तिसऱ्या घरात राहणारा, तोंडाचा फटकळ. "एवढं मीठ? काय मिस्त्री, कैऱ्यांचं लोणचं घालता का काय?"

"व्हय, लोणचंच," मिस्त्री म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या कामाविषयी खोटं बोलले होते, आणि घरी येईपर्यंत ती पिशवी त्यांना फार जड झाली होती.

खड्डा बुजला. तार जोडली. टेस्टिंगचा बल्ब अर्थिंगवर लख्ख लागला. "आता लाव कूलर," मिस्त्री म्हणाले. मोनालीनं बटण दाबलं आणि फट्‌दिशी मेन पडला. घरातलं सगळं बंद. मोनाली दचकली, पण मिस्त्रींच्या तोंडावर इतक्या दिवसांनी हसू आलं.

"हेच व्हायला पायजे व्हतं एप्रिलात. वस्तू बिघडली की अर्थिंगनं लाइन पाडायची. आता कूलर खोल."

कूलरच्या पाणी चढवणाऱ्या पंपाची वायर कुरतडलेली होती, आतलं तांबं उघडं पडलेलं. म्हणजे उंदीर होताच, मिस्त्रींचं अगदीच चुकलं नव्हतं. पंप बदलला. मग कूलर दहा वेळा लावला, दहा वेळा बंद केला. करुणानं मिक्सरही फिरवून बघितला, कुणी सांगितलं नसताना. स्क्रीन ढिम्म हलली नाही. मोनालीनं उठून बापाला मिठी मारली. मातीनं भरलेल्या त्या दोघांना बघून करुणाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती चहा टाकते म्हणून आत गेली.

चहा पिताना मोनाली म्हणाली, "आता बाकीच्यांना कधी सांगायचं, पप्पा?"

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली. रात्रभर त्यांनी हाच हिशेब मांडला होता. "सांगायचं कशाला? पावसाळा लागला की एकेकाकडं जाईन. म्हणीन, वायरिंग जुनी झाली, अर्थिंग नवं करून देतो. पैसे नाय घेणार. काम होईल आणि नावबी निघायचं नाय."

"आणि तोवर?"

"तोवर..." मिस्त्री अडखळले. "चप्पल घालतेत की समदे."

बोलले आणि त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. मोनाली उठली, कप विसळून ठेवला आणि आपल्या खोलीत गेली.

रविवारी चार वाजता स्पर्धा सुरू झाली. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा दिसेना. मोनाली हेडफोन लावून बसली होती, नाशिकवाल्याला, लातूरच्या पोरीला भराभर हुकूम देत होती. मिस्त्री मागं चहाचा ग्लास घेऊन उभे होते. पडदा आरशासारखा स्वच्छ. एक ठिपका नाही, एक पट्टी नाही. पोरगी मस्त खेळत होती. खरं तर मिस्त्रींनी आज छाती फुगवून उभं राहायचं, पण त्यांचं ध्यान खेळात लागेना. खिडकीतून गल्लीतल्या सगळ्या कूलरांची घरघर ऐकू येत होती. आजवर त्यांनी ती कधी वेगळी ऐकलीच नव्हती. आज एकेक घर कळत होतं. हा कचरूचा, तो जुना घासणारा चंपामावशीचा.

आणि मग भिंतीपलीकडं बादलीची कडी वाजली. चंपामावशी रोज साडेचारला कूलरमध्ये पाणी टाकायची. घाटी दवाखान्यातून आया म्हणून रिटायर झालेली बाई, तिचं सगळं घड्याळाच्या काट्यावर. पाणी पत्र्यावर पडल्याचा आवाज आला.

मिस्त्रींचा ग्लास टेबलावर आदळला. "मावशे! बादली खाली ठेव!" ते खिडकीतूनच ओरडले आणि धावले. साठीला आलेला, गुडघे गेलेला माणूस, फाटक ढकलून, पायात काही न घालता तापलेल्या सिमेंटवरून धावला. मोनालीनं हेडफोन एका कानावरून सरकवला, बाप धावताना बघितला, आणि तिला सगळं कळलं. ती जागची हलली नाही. हे काम तिच्या बापाचं होतं.

चंपामावशी बादली घेऊन तशीच उभी होती. मिस्त्री थेट तिच्या घरात शिरले आणि मेन स्विच खाली ओढला. कूलर थांबला. घर एकदम गप्प झालं.

"काय रं राजकुमार? आग लागली का कुठं?"

"मावशे, चूक झाली." त्यांना धाप लागली होती. "माझी चूक. तुझ्या घराला अर्थिंग नाय. जानेवारीपासून नाय. नळाचा पाइप बदलला तवाच ते तुटलं आणि माझ्या ध्यानात आलं नाय. कूलरला करंट उतरला तर तो जमिनीत जायचा नाय, तुझ्या अंगातून जाईल. मला परवापासून ठाऊक हाय. तरी मी गप्प बसलो व्हतो."

म्हातारीनं बादली खाली ठेवली. कूलरकडं बघितलं, मिस्त्रींकडं बघितलं आणि खाटेच्या कडेवर बसली. ती चिडली नाही. शिव्या घातल्या असत्या तर मिस्त्रींनी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या.

"परवा ही पोरगी म्हणली," ती हळू बोलायला लागली, "आजी, कूलर चावतो. मी म्हणलं, खोटं बोलती. पुसायचा कंटाळा हाय म्हणून सांगती. राजकुमारनं केल्यालं हाय, ते कसं चावंल? एक लावून दिली तिच्या गालात."

पोरगी दारातच बसली होती. यशोधरा, चंपामावशीच्या लेकीची लेक, आठ वर्षांची, फुलंब्रीहून सुट्टीला आलेली. कैरीची फोड तिखटमीठ लावून चोखत होती आणि सगळं ऐकत होती. मिस्त्रींनी तिच्याकडं बघितलं. तिचे दोन्ही पाय अनवाणी होते.

ते तिच्यापुढं उकिडवे बसले. गुडघे कडकड वाजले. "बाई, तू खरं बोलली व्हतीस."

यशोधरानं कैरी तोंडातून काढली. "मग आजीनं मला मारलं ते?"

"ते मला मारायला पायजे व्हतं."

पोरीनं थोडा विचार केला. "समद्यांच्या घरी चावतो का?"

"चावू शकतो. अजून एकोणतीस घरं हायेत."

"मग सांगा की त्यांना."

"चाललोच."

पण पोरगी त्यांच्या आधीच उठली होती. सुट्टीत करायला काही नसलेल्या पोराला याहून चांगलं काम कुठलं मिळणार? फाटकातून बाहेर पडून ती भर उन्हात गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "कूलर बंद करा! मिस्त्री चुकले! मिस्त्री चुकलेऽ!"

मिस्त्री दारातच थबकले. कानशिलं तापली. पंचवीस वर्षं ज्या गल्लीनं त्यांना मान दिला त्या गल्लीत एक आठ वर्षांची पोर त्यांच्या नावाची दवंडी पिटत होती. एक हाक मारली असती तर ती थांबली असती. "ए बाळ, तसं नको म्हणू, नुसतं कूलर बंद करा म्हण," एवढंच सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते.

ते त्यांनी गिळले आणि तिच्या मागं चालायला लागले.

एकेक दार उघडायला लागलं. पहिला बाहेर आला तो कचरू, बनियनवर, झोपेतून उठलेला. त्यानं पोरीकडं बघितलं, मागून येणाऱ्या मिस्त्रींकडं बघितलं.

"काय म्हणतीय ओ ही पोरगी?"

"खरं बोलतीय," मिस्त्री म्हणाले. "आधी मेन बंद कर."